पडका तेवढाच खरा?

झेक प्रजासत्ताकातले किल्ले पाहून आलेल्या जाणत्या प्रवाशांमध्ये एक मत आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. तिथले जे किल्ले छपरांसह, सजवलेल्या दालनांसह धडधाकट उभे आहेत, ते एकोणिसाव्या शतकात ‘बनवलेले’ आहेत. खरा इतिहास पाहायचा असेल तर रानात कोसळून पडलेले ओसाड किल्ले पाहावेत, असे ते मत. कार्लश्टेन हा देखावा, ह्लुबोका ही इंग्लंडची नक्कल आणि बोऊझोव म्हणजे परीकथांच्या चित्रपटांचा सेट, असा निकाल एका दमात दिला जातो. सह्याद्रीतले गड पायाखाली घातलेल्या मराठी माणसाला हे मत चटकन पटते. गड म्हटला की ढासळलेला तट, बिनछपराचे जोते आणि वारा, हे समीकरण आपल्या मनात आधीच पक्के असते. हे मत मला मान्य नाही. ते चुकीच्या कसोटीवर उभे आहे, आणि त्या कसोटीने पाहणारा माणूस झेक भूमीचा अर्धा इतिहास न पाहताच परत येतो.

खंडन करण्यापूर्वी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. त्याचा मूळपुरुष जॉन रस्किन. वास्तुकलेच्या सात दीपांवरच्या १८४९ च्या ग्रंथात त्याने जीर्णोद्धाराला विध्वंसाचाच एक प्रकार मानले. मूळ कारागिराचा हात एकदा गेला की तो पुन्हा आणता येत नाही, हा त्याचा युक्तिवाद आजही वजनदार आहे. झेक किल्ल्यांत त्याला पुरावेही भरपूर मिळतात. सम्राट चौथ्या कार्लने १३४८ मध्ये पाया घातलेल्या कार्लश्टेनची १८८७ ते १८९९ या काळात योसेफ मोकर या वास्तुविशारदाने नव्याने बांधणी केली. आज दुरून दिसणारी उंच उताराची छपरे आणि दातेरी कठडे बरेचसे त्याच्या कल्पनेतले आहेत. ह्लुबोकाच्या श्वार्झेनबर्ग सरदाराने इंग्लंडमध्ये विंडसरचा राजकिल्ला पाहिला आणि १८४० पासून तीस वर्षे खपून आपला बरोक प्रासाद त्या धाटणीचा करून घेतला. बोऊझोव १८९५ ते १९१० दरम्यान गेओर्ग हाउबेरिसरने नव्याने उभारला. म्युनिकचे नवे नगरभवन बांधणारा वास्तुविशारद तो हाच. ही सगळी तथ्ये खरी आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

पहिला आक्षेप भग्नावशेषांच्याच बाजूने घेतो. पडका किल्ला ‘कोणी हात न लावलेला’ असतो, हे गृहीतच चुकीचे आहे. मध्ययुगीन तटाची भिंत म्हणजे आतून-बाहेरून घडीव दगडांचे दोन पदर आणि मधे चुन्यात कालवलेला दगडगोट्यांचा भराव. छप्पर गेले की पाऊस थेट भरावात उतरतो आणि चुना धुऊन नेतो. मध्य युरोपातल्या हिवाळ्यात ते पाणी गोठते, गोठताना फुगते आणि बाहेरचा पदर ढकलून देते. दरवर्षी हे चक्र चालू राहिले, तर वाऱ्यावर सोडलेली भिंत दगडमातीचा ढीग होऊन बसते. म्हणूनच ज्या ओसाड किल्ल्यावर उभे राहून प्रवासी ‘हे अस्सल’ म्हणतो, त्याच्या भिंतींचे माथे कोणीतरी बंद केलेले असतात, सांधे भरलेले असतात, मुळांनी दगड उचकटणारी झाडे तोडलेली असतात. राबीचे उदाहरण घ्या. १४२१ च्या वेढ्यात यान झिझ्का या हुसपंथी सेनापतीचा उरलेला एक डोळा इथेच गेला. त्या राबीचे प्रचंड अवशेष आज उभे दिसतात, कारण त्यांची सतत राखण चालू आहे. पडकेपणाही जपावा लागतो. जपणे आले की निवड आली: किती पडू द्यायचे, कुठे थांबवायचे. ती निवड माणसेच करतात.

शिवाय भग्नावशेषांची ओढ हीसुद्धा त्याच शतकाची देणगी आहे, ज्या शतकाने कार्लश्टेनला नवी छपरे चढवली. १८३६ मध्ये ऐन तारुण्यात वारलेला कवी कारेल हिनेक माखा पायी हिंडून पडके किल्ले पाहत असे, त्यांची चित्रे काढत असे, पाहिलेल्या किल्ल्यांची यादी ठेवत असे. त्याच्या पिढीने झेक वाचकाला भग्न तटाकडे हळव्या नजरेने पाहायला शिकवले. त्याआधीची सामान्य माणसे त्याच तटांकडे आयती दगडाची खाण म्हणून पाहत होती. उमरावांना हा छंद तर माखाच्याही आधी लागला होता; दक्षिण मोराव्हियात, लेदनित्सेच्या उद्यानात, लिश्टेनश्टाइन घराण्याने १८१० च्या सुमारास यानोह्राद हा किल्ला पडक्या स्वरूपातच नव्याने बांधून घेतला! अर्धवट मनोरे, तुटके तट, सगळे मुद्दाम घडवलेले. पडकेपणा हाच अस्सलपणाचा दाखला मानायचा, तर यानोह्रादला पहिला मान द्यावा लागेल.

दुसरा आक्षेप कार्लश्टेनच्या आत घेऊन जातो. छपरे मोकरची आहेत म्हणून किल्ला खोटा म्हणणाऱ्याने मोठ्या मनोऱ्यातल्या पवित्र क्रूसाच्या प्रार्थनामंदिरात उभे राहून तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहावे. १३६५ मध्ये विधिवत अर्पण झालेल्या या दालनाच्या भिंतींचा खालचा भाग घासून चकचकीत केलेल्या मौल्यवान दगडांनी मढवला आहे आणि दगडांमधल्या सांध्यांत सोनेरी मुलामा आहे. कमानदार छतावर सोन्यात बसवलेल्या काचेच्या चांदण्या आहेत. आणि भिंतींवर, रांगांवर रांगा लावून, मास्टर थिओडोरिकने व त्याच्या कारखान्याने रंगवलेले संत, राजे आणि धर्मपंडित यांचे १२९ फलक आहेत. जवळून पाहिले की लक्षात येते, थिओडोरिकची माणसे चौकटीत मावत नाहीत. कुणाचा झगा, कुणाच्या हातातला ग्रंथ चौकटीवर सांडतो, कारण चित्र चौकटीवरही पुढे रंगवले आहे. चेहरे जड, गोलसर, मऊ सावल्यांचे. कित्येक चौकटींत संतांचे अवशेष ठेवण्यासाठी खोबण्या कोरल्या आहेत. म्हणजे प्रत्येक फलक चित्र होता आणि अवशेषपेटीही होता. हे दालन साम्राज्याची राजचिन्हे आणि पवित्र अवशेष ठेवण्यासाठी होते. बोहेमियाची राजचिन्हे पुढे १६१९ पर्यंत याच किल्ल्यात राहिली.

हे सारे समजले की किल्ल्याची रचनाही समजते. विहिरीचा मनोरा सर्वांत खाली. मग किल्लेदाराचे घर, त्यावर सम्राटाचा महाल, त्याहून उंचावर मरियमेचा मनोरा आणि सर्वांत वर, सर्वांत जाड भिंतींत, पवित्र क्रूसाचे मंदिर. माणसाकडून देवाकडे चढत जाणारी ही उतरंड चौदाव्या शतकाची आहे आणि मोकरने ती जागची हलवलेली नाही. १४२२ मध्ये हुसपंथीयांनी महिनोन्महिने वेढा घालूनही जो किल्ला घेता आला नाही, तो हाच. वरची छपरे बदलली म्हणून आतले चौदावे शतक खोटे ठरत नाही. दुरून छायाचित्र काढून परतणाऱ्याला मोकर तेवढा दिसतो. आधी नोंदणी करून, मोजक्या लोकांच्या गटातून वर जाणाऱ्याला चौथा कार्ल भेटतो.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मात्र मी पूर्ण मान्य करतो. सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, कार्लश्टेनला प्रबोधनकालीन धाटणीचा साज चढवला गेला होता. किल्ल्याला ‘कार्लच्या वेळचे’ रूप द्यायच्या हट्टापायी मोकरने तो पुष्कळसा उतरवला. हे नुकसान कायमचे आहे. पण दोष नेमका कशाचा, हे नीट पाहिले पाहिजे. त्याने दुरुस्ती केली हा दोष नाही. एका काळाला खरे मानून दुसऱ्या काळाला पुसले, हा दोष. आलोइस रीगलने १९०३ मध्ये वास्तूंच्या पूजनावर निबंध लिहिला, आणि बोहेमियातल्या रौदनित्से गावी जन्मलेल्या माक्स द्वोर्झाकने १९१६ मध्ये वारसाजतनाची छोटी पोथी लिहिली. दोघांनीही बोट ठेवले ते इथेच. काळाने वास्तूवर जे जे थर चढवले, ते सगळे तिच्या चरित्राचे भाग आहेत, हा विचार त्यांच्या पिढीने रुजवला. १९६४ च्या व्हेनिस सनदेत तोच नियम म्हणून आला.

आणि इथेच प्रतिपक्षाची अडचण सुरू होते. सगळे थर खरे मानायचे, तर एकोणिसाव्या शतकाचा थर तेवढा खोटा कसा? जो मोकरला रुडॉल्फचा थर पुसल्याबद्दल दोष देतो, तोच आज मोकरचा थर मनातल्या मनात पुसून किल्ला पाहत असेल, तर तो मोकरचीच चूक पुन्हा करतो. ती पिढी निव्वळ स्वप्नाळूही नव्हती. मोकर कार्लश्टेनवर राबत होता त्याच वर्षांत आउगुस्त सेदलाचेक हा अभ्यासक बोहेमियातल्या किल्ल्यांचा, प्रासादांचा आणि गढ्यांचा इतिहास खंडामागून खंड लिहून काढत होता. १८८२ ते १९२७ दरम्यान त्याचे पंधरा खंड निघाले आणि आजही त्यांना वळसा घालून पुढे जाता येत नाही. स्वतंत्र राज्य नसलेल्या एका समाजाने आपल्या जुन्या राजाचे घर डागडुजी करून उभे करणे, ही त्या समाजाच्या इतिहासातली घटना आहे. ती पाहायची जागा कार्लश्टेन हीच.

ह्लुबोका आणि बोऊझोव यांचेही तसेच आहे. ह्लुबोकात मध्ययुग शोधणारा निराश होईल, कारण तिथे मध्ययुग नाहीच. तिथे आहे एकोणिसाव्या शतकातल्या एका बलाढ्य सरदारघराण्याची स्वतःविषयीची कल्पना, लाकडाच्या कोरीव कामात आणि गालिच्यांत गोठवलेली. त्या घराचे पुढचे चरित्र तर याहून बोलके आहे. १९४० मध्ये नाझींनी ते हिसकावले, कारण मालक त्यांचा विरोधक होता. १९४७ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या संसदेने खास त्या घराण्यासाठी कायदा करून ते सरकारजमा केले. बोऊझोव हा ट्यूटॉनिक संघ या मध्ययुगीन लढाऊ धर्मसंघाच्या प्रमुखाने, आर्कड्यूक ऑयगेनने, संघाच्या पूर्ववैभवाचे स्मारक म्हणून नव्याने उभारलेला किल्ला. नाझी सत्तेने संघ मोडला आणि किल्ला हिमलरच्या एसएसच्या हाती गेला. ज्या मध्ययुगाची स्वप्ने आर्कड्यूकने भक्तीने दगडात बांधली, त्याच स्वप्नांवर कुणी किती घातक हक्क सांगितला, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. या वास्तूंना ‘सेट’ म्हणून सोडून देणे म्हणजे विसाव्या शतकाचा एक धागाच सोडून देणे.

आता ‘खोटे’ या आरोपाचाच विचार करू. खोटेपणासाठी फसवण्याचा हेतू लागतो. झेक भूमीतल्याच एका दुर्गात तो हेतू उघडानागडा दिसतो. सम्राट दुसऱ्या योसेफने प्रशियाच्या भयाने १७८० मध्ये तेरेझीन बांधायला घेतले. ओह्रझे नदीचे पाणी खंदकांत सोडण्याची सोय असलेला, चांदणीच्या आकाराचा हा विटांचा दुर्ग. त्याला कधीही वेढा पडला नाही. बुरूज आणि खंदक आजही जवळजवळ मूळ रूपात आहेत. पडक्यांच्या कसोटीवरही तो अस्सल ठरेल. १९४१ पासून या तटांच्या आत नाझींनी ज्यूंना कोंडले. दीड लाखाच्या आसपास माणसे तिथे आणली गेली, ३३,००० च्या वर तिथेच मेली, आणि त्याहून कितीतरी अधिक पुढे मृत्युछावण्यांकडे धाडली गेली. २३ जून १९४४ रोजी रेड क्रॉसचे प्रतिनिधी येणार म्हणून घरांचे दर्शनी भाग रंगवले, दुकाने मांडली, बाग फुलवली. गर्दी दिसू नये म्हणून आधीच्या महिन्यात सुमारे ७,५०० जणांना ऑशवित्झला पाठवले. तटाची एक वीटही न हलवता इतका मोठा खोटेपणा रचता आला. अस्सल दगड सत्याची हमी देत नाहीत, हे तेरेझीन शिकवते. त्याच्या शेजारी मोकरचे छप्पर ठेवून पाहा. ते कोणी, केव्हा, का बांधले हे सर्वांना ठाऊक आहे. किल्ल्यातला मार्गदर्शक ते स्वतः सांगतो. त्याला चूक म्हणता येईल, हट्ट म्हणता येईल. खोटे म्हणता येणार नाही.

मग कसोटी कोणती? माझ्या मते एकच: वास्तूवरचे थर वेगवेगळे ओळखता येतात का, आणि प्रत्येक थराचा कर्ता व काळ सांगितला जातो का. या कसोटीवर आजच्या झेक जतनकारांनी एक पाऊल पुढे टाकले आहे. मोराव्हियातल्या हेल्फश्टीनच्या बिनछपराच्या महालावर अलीकडे काच आणि गंजरंगी पोलादाचे काम झाले आणि २०२० मध्ये तो लोकांना खुला झाला. काचेची छपरे पाऊस अडवतात आणि दालनांत उजेडही येऊ देतात. पोलादी जिने भिंतींच्या माथ्यांपर्यंत नेतात. कुठले काम सोळाव्या शतकाचे आणि कुठले आपल्या काळाचे, हे लहान मूलही सांगू शकेल. पडकेपणाही राखला आणि भिंतीही वाचवल्या. जीर्णोद्धार की भग्नावशेष, हा पेच खरा नसून आपण मानलेला होता, हे तिथे सिद्ध झाले आहे.

तेव्हा झेक किल्ले पाहायला निघणाऱ्याने पडके आणि सजवलेले अशी वर्गवारी घरीच ठेवून जावे. जुने वाडे पाहताना कुठला चौक आजोबांचा, कुठला माडीचा जिना पणजोबांचा असे आपण विचारतो, तसेच तिथे विचारावे. पाया कोणाचा, छप्पर कोणाचे, सामान कुठून आले, मालक कधी हाकलले गेले, हे प्रश्न मार्गदर्शकाला मोकळेपणी विचारावेत. ठरावीक वेळेच्या आणि दोऱ्या बांधलेल्या फेरीचा राग मानू नये. थिओडोरिकचे सोने हजारो श्वासांच्या दमटपणापासून वाचवायचे तर ती शिस्त लागतेच. राबी पाहावे, कार्लश्टेन पाहावे, ह्लुबोका आणि तेरेझीनही पाहावे. यांपैकी एकालाही ‘खोटे’ म्हणून वगळणारा माणूस इतिहास पाहत नाही. इतिहास कसा दिसावा याविषयीची आपली आवड तेवढी पाहून येतो.