मुक्त ऊर्जा व रासायनिक विक्रियेची दिशा

स्थिर तापमान व दाब असताना विक्रिया आपोआप कोणत्या दिशेने जाईल, हे ठरविणारी ऊष्मागतिकीय राशी. अमेरिकी शास्त्रज्ञ विलर्ड गिब्ज यांनी ती १८७० च्या दशकात मांडली [→ ऊष्मागतिकी]. एंथॅल्पीतील बदलातून केल्विन तापमान व एंट्रॉपीतील बदल यांचा गुणाकार वजा केला की मुक्त ऊर्जेतील बदल मिळतो. तो ऋण असल्यास विक्रिया पुढे जाते, धन असल्यास उलट. शून्य म्हणजे समतोल. वेग त्यावरून कळत नाही [→ उत्प्रेरण]. मुक्त ऊर्जा दिशा सांगते, वेग नव्हे, याचे तोडलेला ऊस हे जवळचे उदाहरण. उसातील सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन होताना प्रमाण मुक्त ऊर्जा मोलमागे सुमारे २९ किलोज्यूलने घटते, तरी शुद्ध पाण्यात ते अतिशय सावकाश होते. आम्ल व इन्व्हर्टेज विकर त्यास गती देतात. म्हणून ऊस तोडीनंतर लवकर गाळतात आणि रसाची आम्लता चुन्याने घालवितात [→ साखर].