‘आप’ म्हणणारा डिस्को

आपल्या साहित्यविषयक अंकांत सिनेमाच्या गाण्यांवर लिहायचे झाले तर लेखणी साहिर, शकील, मजरूह आणि कैफी यांच्यापाशी थांबते. ते रास्तच आहे. मात्र क्लबमध्ये नाचण्यासाठी केलेले एखादे डिस्को गाणे चार दशके उलटली तरी लग्नाच्या मांडवात, रिक्षात आणि मुलांच्या मोबाइलवर वाजत असेल, तर त्याचीही तपासणी व्हायला हवी. ‘कुर्बानी’ (१९८०) या चित्रपटातील ‘आप जैसा कोई’ हे ते गाणे.

डिस्को जन्मला अमेरिकेत. १९७०च्या दशकात न्यू यॉर्कच्या नाचघरांत कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समाजाने दूर लोटलेल्या इतर लोकांनी तो वाढवला. ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ (१९७७) या चित्रपटाने तो जगभर नेला. पुढे त्याच अमेरिकेत त्याच्याविरुद्ध लाट उसळली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या एका बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. तिकडे डिस्कोचा जनाजा निघाला असे लोक म्हणू लागले आणि पुढच्याच वर्षी तो आपल्याकडे घरोघरी पोहोचला.

हे काम लंडनच्या स्टुडिओत झाले. संगीतकार बिद्दू अपय्या मूळचे बंगळूरचे. तरुणपणी ते इंग्लंडला गेले आणि तिथेच त्यांनी नाव कमावले. कार्ल डग्लसने गायलेले ‘कुंग फू फायटिंग’ (१९७४) हे त्यांच्याच निर्मितीचे गाणे ब्रिटन आणि अमेरिका अशा दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेले होते. ‘कुर्बानी’चे निर्माते-दिग्दर्शक फिरोज खान यांचाही जन्म बंगळूरचाच. चित्रपटाची बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजी यांची. हे एक गाणे तेवढे त्यांनी बिद्दूंकडे सोपवले. आवाज मात्र मुंबईतल्या कुणा नामवंत गायिकेचा घेतला नाही. तो होता कराचीत जन्मलेल्या (३ एप्रिल १९६५) आणि लंडनमध्ये शिकणाऱ्या नाझिया हसन या शाळकरी मुलीचा. पडद्यावर गाणे झीनत अमान यांच्यावर चित्रित झाले. या गाण्यासाठी १९८१ साली नाझियाला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा ती अवघी पंधरा वर्षांची होती.

ते दिवस टेपरेकॉर्डरचे होते. कोकणातल्या आपल्या गावांत आखातातून सुट्टीवर येणारा माणूस अत्तर आणि कापडाबरोबर टेपरेकॉर्डरही आणत असे. त्यावर आधी तिलावत आणि कव्वाली वाजायची, मग हळूच सिनेमाची गाणी. वडीलधारे कपाळाला आठ्या घालत. मुलीने गावे, तेही डिस्को गावे, हे त्यांना मानवण्यासारखे नव्हतेच. त्या नाराजीमागे श्रद्धा होती. तिची टिंगल करण्याचे कारण नाही. पण गाणे थांबले नाही, हेही तितकेच खरे.

का थांबले नाही? नुसता ठेका हे कारण पुरेसे नाही. ठेके लवकर म्हातारे होतात. त्या काळातली कितीतरी डिस्को गाणी आज ऐकवत नाहीत. मला वाटते, या गाण्याचे रहस्य त्याच्या पहिल्याच शब्दात आहे. उर्दूत समोरच्याला हाक मारण्याच्या तीन पायऱ्या आहेत: तू, तुम आणि आप. मराठीतले ‘आपण’ आता सभेत आणि अर्जातच उरले आहे. उर्दूतल्या ‘आप’चे तसे झालेले नाही. त्यात अंतरही राहते आणि ओढही राहते. गझलेने हा ‘आप’ शतकानुशतके सांभाळला. क्लबच्या झगमगाटात, बिजलीच्या वाद्यांच्या गजरात एक मुलगी ‘तू’ न म्हणता ‘आप’ म्हणते, तेव्हा नाचाच्या गाण्यात अदब येऊन बसते.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. उर्दू कवाइदमध्ये ‘मुजारे’ नावाचे क्रियारूप आम्ही वर्गात शिकवतो. घडेल असे ठामपणे न सांगता ‘घडले तर’ एवढेच ते सुचवते. गाण्याचा मुखडा याच रूपात आहे. त्यात मागणी नाही, हट्ट नाही. एक शक्यता आहे. नाझियाचा आवाजही असाच, न सजवलेला. त्यात तानाही नाहीत आणि लाडिकपणाही नाही. बोलता बोलता कुणी मनातले सांगून जावे तसा तो ऐकू येतो. म्हणूनच ते गाणे कुणालाही आपले वाटते.

आता भाषेकडे पाहू. उर्दू परकी आहे, मुसलमानांचीच आहे, असे बाहेर वारंवार ऐकावे लागते. आपल्या घरांतही तिचा हिशेब वेगळा नाही. ती मदरशाची किंवा मुशायऱ्याची. पोटापाण्याला इंग्रजी बरी, असे पालक तोंडावर सांगतात. या गाण्याची हजेरी घ्या. गीतकार म्हणून नाव आहे इंदीवर यांचे, म्हणजे झाशीकडच्या श्यामलाल बाबू राय यांचे. संगीतकार बिद्दू अपय्या, निर्माता फिरोज खान, गायिका कराचीची, स्टुडिओ लंडनचा. यांतल्या कुणालाही ‘ही भाषा कुणाची’ असा प्रश्न पडला नाही. ऐकणाऱ्या कोट्यवधींनाही पडला नाही. चित्रपटाचे नावच ‘कुर्बानी’ होते आणि तिकीट काढणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून द्यावा लागला नाही. भाषणांनी उर्दूची जेवढी वकिली केली नसेल, तेवढी या चार मिनिटांनी केली.

नाझियाची पुढची वाटही आपल्या मुलींना सांगण्यासारखी आहे. भाऊ जोहेब याच्यासोबत तिने ‘डिस्को दीवाने’ (१९८१) हा अल्बम केला. तो सीमेच्या दोन्ही बाजूंना गाजला. पाकिस्तानात तेव्हा झिया-उल-हक यांची राजवट होती आणि वातावरण अशा संगीताला मुळीच अनुकूल नव्हते. एवढी प्रसिद्धी मिळूनही तिने शिक्षण सोडले नाही. तिने कायद्याची पदवी घेतली, काही काळ संयुक्त राष्ट्रांत काम केले. १३ ऑगस्ट २००० रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने लंडनमध्ये तिचे निधन झाले. वय होते पस्तीस. मरणोत्तर २००२ साली तिच्या देशाने तिला ‘प्राइड ऑफ परफॉर्मन्स’ हा सन्मान दिला.

गाणे मात्र चालतच राहिले. २०२२ साली ‘अॅन अॅक्शन हीरो’ या चित्रपटात ते नव्या वाद्यमेळासह आले. २०२५ साली तर एका हिंदी चित्रपटाला नावच ‘आप जैसा कोई’ असे दिले गेले. नव्या संगीतकारांनी ठेका बदलला, वाद्ये बदलली, आवाज बदलला. ‘आप’च्या जागी ‘तू’ घालावा असे मात्र कुणाला वाटले नाही. दोन देशांतली बोलणी अनेकदा तुटली आणि एकमेकांच्या कलावंतांना दारे बंद झाली. तरीही कराचीच्या एका मुलीने उच्चारलेले हे आदराचे संबोधन आपल्या गल्लीत रोज ऐकू येते. जी भाषा अनोळखी माणसालाही आधी ‘आप’ म्हणते, ती आपल्या मुलांपर्यंत पोहोचवायची की नाही, हे ठरवणे आपल्याच हातात आहे.