झाकली मूठ

बाबांनी मला पहिल्यांदा भायखळ्याच्या भाजी मार्केटात नेलं तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. पहाटेची विरार लोकल, मालडब्यात आमच्या दुधीच्या नि पडवळाच्या टोपल्या, दादरला उतरून गाडी बदलायची. मार्केटात दलालाच्या गाळ्यापुढे एक व्यापारी आला. त्याने खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच्या नि दलालाच्या हातावर टाकला. रुमालाखाली बोटं दाबली गेली. तोंडातून एक शब्द नाही. थोड्या वेळाने दलालाने मान हलवली नि हमालाने आमच्या टोपल्या उचलल्या.

मी बाबांना विचारलं, "काय भाव गेला?"

बाबा म्हणाले, "पट्टी हातात आली की आपल्याला पण कळेल."

आमचा माल, आमचा घाम, नि भाव सगळ्यात शेवटी आम्हाला कळायचा. येताना गाडीत बाबा म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ते सव्वा लाख त्यांचे. आपली मूठ उघडीच असते." उघड लिलाव व्हावा म्हणून १९६३ साली राज्यात बाजार समित्यांचा कायदा झाला होता. पण कायदा कागदावर लवकर येतो. खांद्यावरचा रुमाल उतरायला वेळ लागतो.

यावर आमच्या बायकांनी केव्हाच तोड काढली होती. वसईची रेल्वे जुनी. १२ एप्रिल १८६७ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल गेली, तेव्हापासून आमच्या गावांची भाजी, केळी नि फुलं त्या रुळावरूनच मुंबईला चालली आहेत. माझी आजी डोक्यावर टोपली घेऊन दादरला बसायची. दुपारच्या गाडीने बायका परत यायच्या तेव्हा टोपल्या रिकाम्या असत, पण पदरात खबर असे. नाशिकची गाडी आली का, वांग्याला उठाव आहे का, कोणाचा माल पडून राहिला. आमचं वर्तमानपत्र ते. आजी म्हणायची, "रुमालाखालची बोटं नाही दिसत, पण कोपर दिसतं ना? घेणाऱ्याचं कोपर घाईत हललं की समजायचं, त्याला माल पाहिजे. मग आपण अडून बसायचं."

गावातली पारख आणखी वेगळी. कोणाच्या दारात पेंडीची पोती किती उतरली यावरून त्याने किती वाफे केले ते कळे. कोणाचा रहाट दिवस उजाडायच्या आत कुरकुरू लागला, कोणाच्या बावखलाचं पाणी मार्गशीर्षातच खाली गेलं, हे सगळं रस्त्याने जाता-येता दिसत असे. बाबा कधी कोणाच्या वाडीत डोकावले नाहीत. ते म्हणत, "डोळे देवाने दिलेत, ते उघडे ठेवावे. कुंपण दुसऱ्याने घातलंय, ते ओलांडू नये."

माझा धाकटा मुलगा अंधेरीला एका कंपनीत आहे. मी त्याला विचारलं, तू नक्की करतोस काय? म्हणाला, "बाबा, दुसऱ्या कंपन्या काय करणार आहेत ते आधी ओळखायचं. त्यांच्या जाहिराती वाचायच्या, टेंडरं बघायची, कुठल्या कामाला माणसं घेतायत ते बघायचं. याला बिझनेस इंटेलिजन्स म्हणतात." मी म्हटलं, अरे, हे तुझी पणजी मालडब्यात करत होती, नि तिला पगार पण नव्हता. तो हसला. मग म्हणाला, "पण एक नियम कडक आहे. जे उघड्यावर आहे तेच घ्यायचं. दुसऱ्याच्या माणसाला पैसे देऊन आतलं काढायचं नाही. ती चोरी." त्याचा तो नियम ऐकून मी गप्प बसलो. का बसलो ते पुढे सांगतो.

आधी आमच्या किल्ल्याची गोष्ट. मे १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई पोर्तुगीजांकडून घेतली, हे आम्ही शाळेत शिकलो. पण त्याच वेळी मुंबईच्या बेटावर इंग्रजांची कंपनी बसली होती, तिने काय केलं हे मला पुष्कळ उशिरा वाचनात आलं. लक्षात घ्या, ते तेव्हा राज्य नव्हतं, व्यापारी कंपनी होती. वसई पडल्याबरोबर तिने दोन माणसं रवाना केली. कॅप्टन गॉर्डन साताऱ्याला शाहू महाराजांकडे नि कॅप्टन इंचबर्ड वसईला चिमाजी आप्पांकडे. इंचबर्डने जुलैत तह केला नि कंपनीला मराठी मुलखात मोकळा व्यापार मिळाला. गॉर्डन वरकरणी नजराणे घेऊन, गोड बोलायला गेला होता. पण त्याचं खरं काम वेगळं होतं. दरबारात वजन कोणाचं, बाजीरावाची ताकद किती, त्याच्यावर जळणारे कोण नि कोणाचं कोणाशी पटत नाही, हे बघून यायचं होतं. म्हणजे बाजारचा भाव काढायला आलेला माणूस घरातली भांडणं मोजून गेला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतलं. १७८०च्या डिसेंबरात जनरल गॉडार्डने वसई घेतली. इंचबर्ड पाहुणा म्हणून येऊन गेला त्याला तेव्हा ४१ वर्षं झाली होती. सालबाईच्या तहाने १७८२ साली वसई परत मिळाली, साष्टी मात्र गेली ती गेलीच. नि ३१ डिसेंबर १८०२ला दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत तह करून आपली मान कंपनीच्या हातात दिली. भाऊबंदकीची खबर ज्याच्याकडे असते, त्याला तोफा कमी लागतात.

आता माझी गोष्ट. मी नुकता वाडी बघायला लागलो होतो. शेजारच्या नानांचा दुधी आमच्यापेक्षा सरस यायचा, नि गणपतीच्या तोंडावर त्यांना भाव पण चांगला मिळायचा. त्यांच्याकडे एक वारली गडी होता. मी त्याला दहा रुपये नि तंबाखूची पुडी दिली नि विचारलं, नाना माल कधी काढणार? तो भोळा होता, त्याने दिवस सांगितला. मी दोन दिवस आधी माझा माल नेला. मला भाव बरा मिळाला. नानांचा माल आला तेव्हा बाजार बसला होता.

गाव लहान. नानांना कळलंच. मला ते एक शब्द बोलले नाहीत. गड्याला मात्र त्यांनी त्याच दिवशी काढून टाकलं. तो बायकोपोरांना घेऊन कुठल्या वीटभट्टीवर गेला म्हणतात. बाबांनी मला मारलं नाही. एवढंच म्हणाले, "दुधी तू विकलास, पण किंमत त्याने भरली." ते दहा रुपये मला आजपर्यंत पुरले आहेत.

मग १९९० साल आलं. त्या साली वसई-विरारचं नियोजन सिडकोकडे गेलं. त्याच्या आगेमागे हरित वसईचं आंदोलन पेटलेलं, सभा होत होत्या, आम्हीही जात होतो. त्या दिवसांत एक माणूस स्कूटरवर आमच्याकडे यायला लागला. राजेळी केळी पाहिजेत म्हणायचा, भावाला घासाघीस करायचा नाही. आई त्याला चहा द्यायची. बोलता बोलता तो विचारायचा, सातबारा कोणाच्या नावावर आहे? काकांचा हिस्सा वेगळा झाला का? बहिणींनी सह्या दिल्या का? आम्ही मोकळ्या मनाची माणसं, सगळं सांगितलं. बाबा नि काका दोन वर्षं एका बांधावरून बोलत नव्हते, हेही त्याला आमच्याच ओटीवर कळलं.

पुढे काकांनी त्यांचा हिस्सा विकला. कुठून रस्ता जाणार हे घेणाऱ्याला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. काकांना मिळालेला पैसा पाच-सहा वर्षांत संपला. आज तिथे सात मजली इमारत आहे. तिच्याखाली आमचं अर्धं बावखल बुजलं, म्हणून पावसाळ्यात उरलेल्या वाडीत गुडघाभर पाणी साचतं.

मला त्या स्कूटरवाल्याचा राग येतो. पण राग पुरता बाहेर पडत नाही. गॉर्डनने जे विचारलं तेच त्याने विचारलं, नि नानांच्या वाडीत मी जसा शिरलो तसाच तो आमच्या घरात शिरला. मी दहा रुपये दिले, त्याने केळ्यांचे पैसे दिले. फरक एवढाच, की या वेळी भोळे आम्ही होतो.

भायखळ्याचं मार्केट १९९६ साली वाशीला गेलं. आता सकाळी मोबाईलवर भाव येतो. पण भाव कळला म्हणजे सगळं कळलं असं नाही. कुठला रस्ता आखलाय, कुठलं आरक्षण उठतंय, ते अजून रुमालाखालीच ठरतं. म्हणून मी गावातल्या पोरांना सांगतो, नगररचनेचा नकाशा लागला की आधी जाऊन बघा, हरकतीची मुदत वहीत लिहून ठेवा, नि भावाशी भांडण असेल तर ते परक्याच्या चहाबरोबर ओटीवर मांडू नका.

काका जाण्याआधी एकदा बाबा त्यांच्याकडे गेले होते. दोघं बराच वेळ बसले. काय बोलले ते बाबांनी आम्हाला सांगितलं नाही, नि आम्ही विचारलं नाही.

नाना आता नाहीत. त्यांच्या मुलाला मी गेल्या वर्षी ती दुधीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "काका, आम्हाला माहीत होतं." मी विचारलं, त्या गड्याचा पत्ता कुठे लागेल का? त्याला ठाऊक नव्हता. वीटभट्ट्यांवर मीही चौकशी केली. एवढ्या खबरी काढल्या आयुष्यात, ती एक काही मिळाली नाही.