शेवटच्या दारावरची माणसं

मी कवी माणूस. गोल्फची काठी मी आयुष्यात हातात धरलेली नाही. तरी आज गोल्फबद्दल बोलणार आहे. खरं तर गोल्फमधल्या एका दिवसाबद्दल.

दरवर्षी जूनच्या सुरुवातीला, बहुधा सोमवारी, अमेरिकेतल्या निरनिराळ्या मैदानांवर उजाडता उजाडता माणसं जमतात. कुणी कसलेला व्यावसायिक असतो, कुणी कॉलेजातला पोरगा, कुणी क्लबात इतरांना खेळ शिकवून पोट भरणारा. कुणाची पिशवी भाऊ वाहतो, कुणाची बाप. ‘यू.एस. ओपन’ या मोठ्या स्पर्धेत उतरायला मिळावं म्हणून घेतलेली ही शेवटची पात्रता फेरी असते. एरवी मोठ्या स्पर्धेत दिवसाला १८ होल खेळतात. इथं एका दिवसात ३६. सकाळी १८, मध्ये दोन घास खायचे आणि दुपारी पुन्हा १८. पायांखालून पंधराएक किलोमीटर तरी जातात. तिथल्या लोकांनी या दिवसाला ‘गोल्फमधला सर्वांत लांब दिवस’ असं नावच ठेवलं आहे.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चेंडू काठीनं मारत मारत दूरवरच्या छोट्याशा खळग्यात घालायचा. खळगा म्हणजेच होल. ज्याला कमी फटके लागतील तो वरचढ. खेळाडूनं आपले फटके प्रामाणिकपणे मोजायचे, सोबत्यानं ते कार्डावर मांडायचे, शेवटी दोघांनी सही करायची. त्या कार्डावर जात, रंग, बापाचा धंदा यांसाठी रकाना नाही. या कार्डापर्यंत पोचायला माणसांना काय काय करावं लागलं, तो इतिहास मला आज सांगायचा आहे.

जगातल्या पुरुषांच्या चार सर्वांत मोठ्या गोल्फ स्पर्धांपैकी दोन स्पर्धांच्या नावातच ‘ओपन’ आहे. एक ब्रिटनमधली, तिला नुसतं ‘द ओपन’ म्हणतात, आणि दुसरी अमेरिकेतली. ब्रिटनमधली स्पर्धा १८६० साली स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला सुरू झाली. त्या वर्षी खेळाडू होते फक्त आठ आणि आठही व्यावसायिक. दुसऱ्याच वर्षी आयोजकांनी जाहीर केलं की यापुढं ही स्पर्धा साऱ्या जगाला खुली. वाक्य मोठं सुंदर. पण जग काही लगेच आत आलं नाही. दार उघडं आहे असं म्हणणं वेगळं आणि दारावर आलेल्याला ‘या’ म्हणणं वेगळं.

याची पहिली मोठी परीक्षा १८९६ साली अमेरिकेत झाली. यू.एस. ओपनचं ते दुसरंच वर्ष. न्यूयॉर्कजवळच्या शिनेकॉक हिल्सच्या मैदानावर एकाच दिवसात ३६ होल खेळायचे होते. खेळणाऱ्यांत जॉन शिपेन हा सोळा-सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा होता. त्याच्यासोबत ऑस्कर बन हा शिनेकॉक आदिवासी जमातीतला तरुण होता. दोघांनी याच मैदानावर कॅडीचं, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहण्याचं काम केलेलं. ब्रिटनमधून आलेले काही व्यावसायिक अडून बसले. हे दोघं खेळणार असतील तर आम्ही खेळणार नाही, म्हणाले. संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅवमायर यांनी सांगितलं की फक्त हे दोघंच उरले तरी स्पर्धा होईल. मग सगळेच खेळले. पहिल्या फेरीनंतर शिपेन आघाडीच्या खेळाडूंत होता. दुपारी तेराव्या होलवर त्याला तब्बल ११ फटके लागले आणि विजेतेपद गेलं. पण ते गेलं चेंडू वाळूत अडकल्यामुळं, कातडीच्या रंगामुळं नव्हे. हरण्याचीसुद्धा एक प्रतिष्ठा असते, ती त्याला त्या दिवशी मिळाली.

अर्ज वाढत गेले तसं सगळ्यांना मुख्य स्पर्धेत घेणं अशक्य झालं आणि पात्रता फेऱ्या आल्या. आजच्या माणसाला नवल वाटेल, पण ‘द ओपन’मध्ये कितीतरी वर्षं या फेरीतून कुणाचीच सुटका नव्हती. १९५३ सालचं उदाहरण घ्या. अमेरिकेचा बेन होगन त्या वर्षी मास्टर्स आणि यू.एस. ओपन या दोन्ही स्पर्धा जिंकून स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टीला आला. चार वर्षांपूर्वी मोटार अपघातात त्याची हाडं मोडली होती, तो पुन्हा चालेल की नाही अशी शंका होती. अशा माणसालाही तिथं आधी पात्रता फेऱ्या खेळाव्या लागल्या. त्यानं त्या खेळल्या आणि मग स्पर्धाही जिंकली. पुढं नामवंतांच्या कुरबुरी वाढल्या. १९६३पासून काही निवडक खेळाडूंना या फेरीतून सूट मिळू लागली. आज मुख्य स्पर्धेतल्या पुष्कळशा जागा आधीच्या कामगिरीवर ठरतात.

आमच्या मुशायऱ्यात नामवंत शायर शेवटी वाचतात. नवख्याला सुरुवातीला उभं करतात, तेव्हा अर्धे श्रोते अजून चपला काढत असतात. त्यालाही एक शेर सांगायची संधी असते, एवढंच. पात्रता फेरीतला खेळाडू मला त्या नवख्यासारखा वाटतो. पण कधीकधी तिथं नवखे नव्हे, विसरले गेलेले उभे असतात.

केन व्हेंच्युरी हा असाच विसरला गेलेला. १९५६ साली हौशी खेळाडू असताना तो मास्टर्स जिंकता जिंकता राहिला. शेवटच्या दिवशी ८० फटके लागले आणि हातातली स्पर्धा गेली. पुढं दुखापती झाल्या, खेळ हरवला, निमंत्रणं थांबली. १९६४च्या यू.एस. ओपनसाठी त्याला आधी स्थानिक आणि मग अंतिम अशा दोन्ही पात्रता फेऱ्या खेळाव्या लागल्या. त्यांतून तो वॉशिंग्टनजवळच्या काँग्रेशनल क्लबवर पोचला. त्या काळी मुख्य स्पर्धेच्या शेवटच्या दिवशीही ३६ होल असत. उकाडा भयंकर. सकाळची फेरी त्यानं ६६ फटक्यांत संपवली, पण अंगातलं पाणी सरलं होतं. डॉक्टरांनी बजावलं, दुपारी खेळलास तर जिवावर बेतेल. तो उठला. मीठाच्या गोळ्या आणि ओला टॉवेल घेऊन डॉक्टर त्याच्याबरोबर चालत राहिले. त्यानं ७० फटक्यांत फेरी पूर्ण केली आणि चार फटक्यांच्या फरकानं स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षापासून एका दिवसात ३६ होलांची ती जीवघेणी अट मुख्य स्पर्धेतून गेली. पात्रता फेरीत मात्र ती अजून आहे. म्हणजे मोठ्यांना जे सोसवत नाही, ते दारावरच्या माणसानं सोसायचं!

दोन्ही पात्रता फेऱ्या पार करून यू.एस. ओपन जिंकणारा दुसरा माणूस म्हणजे ऑर्व्हिल मूडी. चौदा वर्षं अमेरिकी लष्करात काढलेला हा सार्जंट १९६९ साली जिंकला. २००५ साली न्यूझीलंडचा मायकेल कॅम्पबेल लंडनजवळच्या वॉल्टन हीथवर अंतिम पात्रता फेरी खेळला. इंग्लंडमध्ये ही फेरी त्याच वर्षी प्रथम ठेवली होती. शेवटच्या होलवरचा छोटा फटका खळग्यात पडला म्हणून तो कसाबसा आत आला. दोनच आठवड्यांनी पाइनहर्स्टला त्यानं टायगर वुड्सला दोन फटक्यांनी मागं टाकलं. कॅम्पबेल माओरी वंशाचा. तो छोटा फटका काठावरून परतला असता, तर ही गोष्ट कुणाला ठाऊकच झाली नसती.

पण या यशाच्या गोष्टी झाल्या. ज्यांना पहिल्या होलपर्यंतच येऊ दिलं नाही, त्यांचं काय?

दक्षिण आफ्रिकेत डर्बनला सेवसंकर सेवगोलम नावाचा कॅडी होता. आपल्या कानाला ते नाव शिवशंकरच ऐकू येतं. त्याचे पूर्वज हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया मजूर म्हणून गेलेले. सगळे त्याला पापवा म्हणत. लिहिता-वाचता येत नव्हतं. काठी धरायचा तो उलटी, उजव्या हाताच्या खाली डावा हात. असं धरून कुणी खेळू शकेल यावर जाणकारांचा विश्वास बसत नसे. एका गोऱ्या मालकानं त्याचा खेळ हेरला आणि त्याला युरोपात नेलं. १९५९ साली त्यानं डच ओपन जिंकली. ती त्यानं एकूण तीनदा जिंकली. १९६३ साली ‘द ओपन’मध्ये तो पहिल्या पंधरांत आला.

त्याच वर्षी घरी, डर्बनला, नाताळ ओपन स्पर्धा त्यानं जिंकली. बाहेर पाऊस पडत होता. क्लबच्या इमारतीत गोऱ्यांखेरीज कुणाला प्रवेश नव्हता. हरलेले गोरे खेळाडू आत होते आणि विजेत्याला करंडक बाहेर पावसात देण्यात आला. त्याचं छायाचित्र जगभर गेलं. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर खेळांत बहिष्कार टाका, असं म्हणणाऱ्यांच्या हाती ते एक साधन झालं. १९६५ साली त्यानं त्याच स्पर्धेत खुद्द गॅरी प्लेअरला हरवलं. त्यानंतर सरकारनं गोऱ्यांच्या स्पर्धांचे दरवाजे त्याला बंद केले, पासपोर्टही अडवला. १९७८ साली तो गरिबीतच गेला. आज डर्बनमध्ये त्याच्या नावाचं गोल्फ मैदान आहे. पण खेळायची वर्षं कुणी परत देत नसतं. चेंडूनं त्याला कधी अडवलं नाही. त्याला अडवलं ते माणसांनी.

आता एक उलटी गोष्ट. इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावात मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट हा ४६ वर्षांचा क्रेनचालक होता. टीव्हीवर गोल्फ पाहून त्याला नाद लागला. टपालानं काठ्या मागवल्या, ग्रंथालयातलं पुस्तक वाचलं, समुद्रकिनाऱ्यावर सराव केला. १९७६ साली त्यानं सरळ ‘द ओपन’साठी अर्ज भरला. हौशी खेळाडूला आपल्या खेळाची पातळी दाखवणारा अधिकृत आकडा द्यावा लागे. तो नव्हता, म्हणून त्यानं ‘व्यावसायिक’ असं लिहून टाकलं. फॉर्म्बीच्या मैदानावर पात्रता फेरीत त्याला १२१ फटके लागले. ठरलेल्या ७२पेक्षा ४९ जास्त. ‘द ओपन’च्या इतिहासातली ही सर्वांत वाईट फेरी. त्याच्या सोबत्यांना प्रवेश फी परत द्यावी लागली.

संयोजक खवळले, नियम कडक झाले, त्याच्यावर बंदी आली. गडी मात्र खोटी नावं घेऊन, वेष पालटून पुन्हा पुन्हा येत राहिला. एकदा तर नऊ होल झाल्यावर ओळखून त्याला थांबवावं लागलं. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या एका क्लबनं आपल्या स्पर्धेला त्याचं नाव दिलं आणि १९८८ साली त्याला सन्मानानं बोलावलं. २००७ साली तो वारला. पुढं त्याच्यावर पुस्तक निघालं, २०२१ साली चित्रपटही आला.

यावर हसायला येतं आणि हसावंही. त्याच्यामुळं सोबत्यांचा दिवस वाया गेला, हेही खरं. संयोजकांचं अगदीच चुकलं असं मला म्हणवत नाही, कारण पात्रतेला काही अर्थ हवा. पण पापवा आणि मॉरिस यांना शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाच्या अंगी पात्रता होती, त्याला दार बंद. दुसऱ्याच्या अंगी नव्हती, तो दारातून आत गेला, १२१ फटके मारले आणि कार्डानं निवाडा केला. दुसऱ्या अन्यायात एक दिवस गेला, पहिल्यात एक आयुष्य. चुकायचंच असेल तर दार उघडं ठेवून चुकावं, असं मला वाटतं.

आपल्याकडं गोल्फ म्हणजे साहेबांचा, मग लष्करी अधिकाऱ्यांचा आणि मग बड्या कंपनीवाल्यांचा खेळ. पिशव्या वाहणारी पोरं मात्र शेजारच्या वस्तीतली. दिल्लीचा अली शेर हा त्यांतलाच एक. पिशव्या वाहता वाहता खेळ शिकला आणि १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. १९८७ साली आपल्या पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी हा लष्करी डॉक्टरांचा मुलगा. तो २०१२ साली थायलंडमध्ये झालेल्या अंतिम पात्रता फेरीतून ‘द ओपन’मध्ये गेला. तिथं तिसऱ्या दिवशी नवव्या होलवर त्यानं पहिल्याच फटक्यात चेंडू खळग्यात घातला. पुढं २०१५ साली पीजीए स्पर्धेत तो संयुक्त पाचवा आला. त्या पाचव्या क्रमांकामागं थायलंडमधली ती फेरी आहे, हे बातम्यांत कुणी लिहीत नाही.

अलीकडं यू.एस. ओपनला दहा हजारांहून अधिक अर्ज येतात आणि जागा असतात १५६. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास पात्रता फेऱ्यांतून भरल्या जातात. म्हणजे त्या लांब दिवशी संध्याकाळी बहुतेक माणसं पिशवी गाडीत टाकून घरी जातात. एका फटक्यानं हुकलेले काही राखीव यादीत येतात. त्यांतला एखादा मुख्य स्पर्धेच्या मैदानावर जातो, बूट घालून पहिल्या होलच्या आसपास थांबतो. कुणी आजारी पडलं, कुणी माघार घेतली तर याला हाक येणार. अनेकदा ती येतच नाही. पण त्याचं नाव यादीत असतं आणि ते तिथं कुणाच्या मेहरबानीनं आलेलं नसतं. पापवाला हवं होतं ते एवढंच.