खिळा नाही, फेविकॉल नाही. तरी प्लायवूडची खोली उभी कशी राहते?

चार-पाच जण प्लायवूडचे तुकडे एकमेकांत अडकवतात, लाकडी हातोड्याने ठोकतात आणि बघता बघता एक छोटी खोली उभी राहते. असे व्हिडिओ तुमच्याही फीडवर आले असतील. खाली कमेंटमध्ये प्रश्न ठरलेला असतो: "हे आपल्याला जमेल का?"

जमू शकतं. पण व्हिडिओत दिसते ती शेवटची पायरी. खरं काम त्याआधी कॉम्प्युटरवर झालेलं असतं आणि ते अर्ध्या मिलिमीटरवर अवलंबून असतं.

ही कल्पना आली कुठून?

२००८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने शेजारच्या मोकळ्या जागेत पूर्ण आकाराची पाच घरं उभारून प्रदर्शन भरवलं. त्यातलं एक घर एमआयटीचे लॉरेन्स सॅस यांचं होतं. २००५ च्या कतरिना वादळात उद्ध्वस्त झालेल्या न्यू ऑर्लिन्स शहरासाठी त्यांनी मशीनवर कापलेल्या प्लायवूडचं, एकमेकांत बसणाऱ्या तुकड्यांचं घर डिझाईन केलं होतं.

२०११ मध्ये लंडनमध्ये अ‍ॅलिस्टर पार्व्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'विकीहाउस' सुरू केलं. त्यांनी घराच्या डिझाईनच्या फाईल सगळ्यांसाठी खुल्या केल्या. फाईल डाऊनलोड करा, हवे ते बदल करा आणि जवळच्या मशीनवर कापून घ्या. म्हणजे प्रवास लाकडाने नाही, फाईलने करायचा.

तुकडे एकमेकांना धरतात कसे?

काचेचे ग्लास येतात त्या खोक्यातले पुठ्ठ्याचे कप्पे आठवा. एका पट्टीला वरून अर्धी खाच, दुसरीला खालून अर्धी. दोन्ही एकमेकांत सरकवल्या की जाळी स्वतःच्या पायावर उभी राहते. प्लायवूडमध्येही हेच तत्त्व आहे. जिथे ओढ जास्त येते तिथे एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या भोकातून आरपार काढून वर पाचर ठोकतात.

पण नुसत्या चौकटी उभ्या करून भागत नाही. मागचा पुठ्ठा काढलेली फोटोफ्रेम बाजूने ढकलली की तिरकी होते. पुठ्ठा लावला की घट्ट राहते. खोलीच्या भिंतींना सलग पॅनेल लावतात ते याचसाठी. ही पॅनेल काटकोनातल्या दोन्ही दिशांना हवीत, नाहीतर खोली एका बाजूला कलते.

अर्ध्या मिलिमीटरचा घोळ

दुकानात '१८ मिमी' म्हणून मिळणारी प्लाय प्रत्यक्षात थोडी पातळ निघू शकते. एकाच शीटच्या दोन टोकांतही फरक असू शकतो. समजा खाच १८ मिमीची कापली आणि प्लाय १७.५ मिमीची निघाली. एका सांध्याला अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई जाणवणारही नाही. पण एका रांगेत २० सांधे असतील आणि सगळी ढिलाई एकाच दिशेला सरकली, तर शेवटी १० मिमी म्हणजे एक सेंटिमीटरचा फरक पडतो.

उलट प्लाय जाड निघाली तर ती खाचेत शिरतच नाही. जोर लावून ठोकली की कडा फाटतात. सुतार अशा वेळी जागेवर रंधा मारून सांभाळून घेतो. इथे ती सगळी जबाबदारी फाईलवर असते. म्हणून आधी शीट विकत घ्यायची, कॅलिपरने चार-पाच ठिकाणी मोजायची आणि मगच फाईलमधला खाचेचा आकडा पक्का करायचा.

लेझर की सीएनसी?

लेझर लाकूड जाळत कापतो. त्याची रेघ साधारण ०.२ मिमी रुंद असते आणि तेवढी जागा डिझाईनमध्ये धरावी लागते. पातळ प्लायसाठी तो उत्तम. जाड प्लायमध्ये मात्र आतला गोंद आणि पोकळ जागा आड येतात, कडा करपतात आणि आगीचा धोका असतो. मशीन चालू असताना कुणीतरी समोर हवंच.

१८ मिमीसाठी फिरत्या कटरचं सीएनसी राउटर वापरतात. गोल कटरला आतला काटकोन कापता येत नाही, म्हणून खाचेच्या कोपऱ्यात मुद्दाम छोटी गोल खोबण ठेवतात. ती विसरली तर तुकडा पूर्ण आत बसत नाही.

महाराष्ट्रात हे नवीन आहे का?

अशी मशीन सामान्य लोकांच्या हाती देणाऱ्या कार्यशाळांना 'फॅब लॅब' म्हणतात. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात सुरू झाली.

करायचंच असेल तर?

आधी ३ मिमी प्लायवर एक-षष्ठांश आकाराचं मॉडेल लेझरने कापा. १८ मिमीचं ते अचूक छोटं रूप असतं. मग खऱ्या शीटच्या तुकड्यावर १७.२ ते १८.२ मिमीच्या खाचा कापून कोणती घट्ट बसते ते पाहा.

उघड्यावर ठेवायचं असेल तर साधी कमर्शियल प्लाय नको, आयएस ७१० मरीन प्लाय घ्या. कापलेल्या कडा नीट सील करा, कारण पाणी तिथूनच शिरतं. खालचा भाग जमिनीपासून उचलून घ्या आणि वाऱ्याने उडू नये म्हणून पायाशी बांधा. माणसं आत राहणार असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि स्थानिक परवानगी लागेल. फाईल फुकट मिळते, पण ही तपासणी फाईलबरोबर येत नाही.