वेबसाईटवर लोक येत नाहीत? आणि आलेले थांबत नाहीत? कारणं आणि उपाय, सविस्तर माहिती

वेबसाईट बनवणं आता फार अवघड राहिलेलं नाही. एका रविवारी बसलात तर संध्याकाळपर्यंत साईट तयार होते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. साईट आहे, पण बघतंय कोण?

माझ्या मावशीचं गुहागरला छोटं होमस्टे आहे, चार खोल्यांचं. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, म्हणून साईट बनवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी मोठ्या उत्साहाने बनवली. सहा महिने झाले तरी साईटवरून एकही फोन आला नाही. बुकिंग यायचं ते एका ॲपवरून आणि प्रत्येक बुकिंगमागे कमिशन कापलं जायचं. शेवटी मावशीने मला न विचारता एका एजन्सीला पंधरा हजार रुपये दिले. "तीन महिन्यांत गुगलवर पहिला नंबर," असं त्यांनी सांगितलं होतं. तीन महिन्यांनी हातात आला फक्त एक पीडीएफ रिपोर्ट. तेव्हा मी लाजेकाजेने नीट अभ्यासाला बसलो आणि लक्षात आलं की बहुतेक चुका माझ्याच होत्या. त्या चुका आणि त्यावरचे उपाय आज बघूया.

गुगल तुमच्या साईटपर्यंत पोचतं कसं?

यात तीन पायऱ्या आहेत.

१. क्रॉलिंग: गुगलबॉट नावाचा प्रोग्रॅम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात पानं वाचत फिरतो.

२. इंडेक्सिंग: वाचलेलं पान समजून घेऊन गुगल ते आपल्या यादीत ठेवतं. प्रत्येक पान ठेवेलच असं नाही.

३. रँकिंग: कोणी काही शोधलं की त्या यादीतली कोणती पानं वर दाखवायची ते ठरतं.

आपण सगळे तिसऱ्या पायरीची काळजी करतो आणि घोडं बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच अडलेलं असतं. तपासायला गुगल सर्च कन्सोल हे टूल वापरा. ते पूर्ण फुकट आहे. साईट तुमचीच आहे हे सिद्ध केलं की कोणती पानं इंडेक्स झाली, कोणती नाही आणि का नाही, हे तिथे दिसतं. मावशीच्या साईटची सात पानं होती, त्यातली दोनच इंडेक्समध्ये होती. बाकीच्या पानांवर जायला मेन्यूत लिंकच नव्हती! मी मेन्यू दुरुस्त केला आणि साईटमॅप, म्हणजे सगळ्या पानांची यादी असलेली फाईल, सर्च कन्सोलमध्ये दिली.

एक गोष्ट लक्षात ठेवा. गुगल आता साईटची मोबाईलवरची आवृत्तीच मुख्य मानून वाचतं. लॅपटॉपवर साईट छान दिसते याला फारसा अर्थ नाही.

मराठी साईट्समध्ये हमखास होणाऱ्या चुका

मजकूर फोटोत टाकणं: मी दरपत्रक आणि जेवणाची माहिती सुंदर डिझाईन करून इमेज म्हणून टाकली होती. इमेजमधली अक्षरं सर्च इंजिनला साध्या मजकुरासारखी वाचता येतील यावर विसंबू नका. फोनवर ती वाचायला झूम करावं लागतं ते वेगळंच. माहिती नेहमी मजकूर म्हणूनच लिहा.

युनिकोड नसलेला फॉन्ट: डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर बऱ्याचदा जुन्या फॉन्टमध्ये असतो. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. चाचणी सोपी आहे. साईटवरचं एक वाक्य कॉपी करा आणि व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. भलतंसलतं काही उमटलं तर गुगललाही तेच दिसतंय. असा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि एकदा डोळ्यांखालून घाला, कारण जोडाक्षरं हमखास बिघडतात.

पानाचं शीर्षक: माझ्या सगळ्या पानांचं टायटल 'होम' असं होतं. सर्चमध्ये निळ्या अक्षरांत बहुधा हेच टायटल दिसतं. प्रत्येक पानाला वेगळं, नेमकं टायटल द्या.

देवनागरी लिंक: पानाच्या पत्त्यात मराठी शब्द वापरले तर गुगलला अडचण नसते. पण लिंक कॉपी केली की एकेका देवनागरी अक्षर-चिन्हाची नऊ रोमन अक्षरं होतात. 'गुहागर' एवढा शब्द ५४ अक्षरांचा होतो! व्हॉट्सॲपवर अशी लांबलचक लिंक आली की लोकांना ती फसवणुकीची वाटते. म्हणून पत्ता रोमन लिपीत आणि छोटा ठेवा.

लोक काय टाईप करतात ते शोधा

मी साईटवर सगळीकडे 'अतिथी निवास' लिहिलं होतं. वाचायला भारदस्त, पण फोन हातात घेऊन असं कोण शोधतं? लोक लिहितात, 'गुहागरला राहण्याची सोय', 'बीच जवळ रूम', 'फॅमिलीसाठी घरगुती जेवण'. मराठी बऱ्याचदा रोमन लिपीतही टाईप करतात. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये लोकांनी नेमकं काय शोधल्यावर तुमची साईट दिसली ते कळतं.

त्याहून सोपा उपाय म्हणजे गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं ते लिहून ठेवणं. मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "अरे, सगळे तेच विचारतात. चिपळूण स्टेशनवरून यायचं कसं? दाभोळच्या फेरीबोटीत गाडी चढते का? मासे नको असतील तर जेवायला काय?"

झालं, विषय मिळाले! प्रत्येक प्रश्नावर एक पान लिहिलं. चिपळूण ते गुहागर साधारण ४५ किलोमीटरचा रस्ता आणि एसटी. दाभोळ-धोपावे फेरीबोट, तिच्यात गाडी नेता येते. वेळणेश्वर आणि हेदवी एका दिवसात कसं बघायचं. मजकूर मावशीने सांगितला, मी फक्त टाईप केला. 'कोकण होमस्टे' या शब्दांवर मोठ्या कंपन्यांशी आपण लढू शकत नाही. पण फेरीबोटीबद्दल रोज ते बघणाऱ्या माणसाइतकं चांगलं कोण लिहिणार?

आलेला माणूस थांबत का नाही?

बहुतेक वेळा कारण एकच असतं, साईट उघडतच नाही. माझ्याकडे पुण्यात फायबर आहे, साईट झटकन उघडायची. मावशीच्या जुन्या फोनवर उघडून बघितली तर चहा गार व्हायची वेळ आली. पहिलाच फोटो ६ एमबीचा होता, कॅमेऱ्यातून काढला तसाच टाकलेला.

गुगल साईटचा अनुभव तीन मापांनी मोजतं. त्यांना कोअर वेब व्हायटल्स म्हणतात.

- एलसीपी: पानावरचा सगळ्यात मोठा भाग, बहुधा फोटो किंवा मोठं शीर्षक, दिसायला लागणारा वेळ. २.५ सेकंदांच्या आत हवा.
- आयएनपी: बटण दाबल्यावर स्क्रीनवर प्रतिसाद दिसायला लागणारा वेळ. २०० मिलिसेकंदांच्या आत हवा. हे माप मार्च २०२४ मध्ये जुन्या एफआयडीच्या जागी आलं.
- सीएलएस: वाचताना मजकूर किती उड्या मारतो. ०.१ च्या आत हवा. 'फोन करा' दाबायला जावं आणि तेवढ्यात वरून फोटो लोड होऊन भलतंच दाबलं जावं, तोच हा प्रकार.

तपासायला पेजस्पीड इनसाइट्सवर साईटचा पत्ता टाका. मी केलेले बदल असे:

१. फोटो फोनच्या रुंदीला पुरतील एवढे लहान केले आणि वेबपी फॉरमॅटमध्ये साठवले. ६ एमबीचा फोटो २०० केबीच्या आत आला.
२. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावलं, म्हणजे स्क्रोल केल्यावरच ते लोड होतात. पहिल्या फोटोला मात्र हे लावू नका, एलसीपी बिघडतो.
३. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहिली. जागा आधीच राखली जाते आणि उड्या थांबतात.
४. तीन मराठी फॉन्टऐवजी एकच ठेवला. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाईली जड असतात.
५. फिरणारा स्लायडर आणि पार्श्वसंगीत काढून टाकलं. हो, संगीत होतं. हसू नका.
६. 'फोन करा' आणि 'व्हॉट्सॲप' ही दोन बटणं स्क्रीनच्या तळाशी, अंगठा पोचेल तिथे ठेवली.

गुगल सर्चच्या बाहेरचे रस्ते

दुकान, क्लास, होमस्टे असं काही असेल तर गुगल बिझनेस प्रोफाईल फुकट बनवा. मॅपवर दिसणं हे कधीकधी साईटपेक्षाही कामाला येतं. फोन नंबर, वेळा आणि खरे फोटो टाका. प्रोफाईल आणि साईट दोन्हीकडे नाव-पत्ता सारखाच ठेवा.

दुसरं, ओपन ग्राफ टॅग. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवल्यावर खाली फोटो आणि शीर्षक दिसतं, ते या टॅगमुळे. आपल्याकडे निम्मी जाहिरात फॅमिली ग्रुपवरच होते, त्यामुळे हे विसरू नका.

हे अजिबात करू नका

- पहिल्या नंबरची गॅरंटी देणाऱ्याला पैसे देऊ नका. अशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलनेच स्पष्ट सांगितलंय.
- विकत लिंक घेऊ नका. मावशीच्या त्या पीडीएफमध्ये शेकडो बॅकलिंक्स होत्या, सगळ्या परदेशी, होमस्टेशी काही संबंध नसलेल्या साईट्सवरच्या. रँकिंगसाठी लिंक विकत घेणं गुगलच्या नियमांविरुद्ध आहे.
- मेटा कीवर्ड्स भरत बसू नका. गुगल ते रँकिंगसाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय.
- पान उघडताच अख्खा स्क्रीन झाकणारा पॉपअप लावू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बदल केल्यावर फरक कधी दिसतो?
काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत. रोज बघू नका, महिन्याची तुलना महिन्याशी करा. होमस्टेसारखा सीझनचा धंदा असेल तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

कोणता आकडा बघायचा?
सर्च कन्सोलमध्ये इंप्रेशन्स भरपूर आणि क्लिक कमी असतील तर टायटल सुधारा. क्लिक आहेत पण फोन येत नाहीत, तर पान सुधारा.

एसईओसाठी कोणाला पैसे द्यावेतच का?
साईट मोठी असेल आणि तुम्हाला वेळ नसेल तर जरूर द्या. पण ते नेमकं काय करणार याची यादी आधी मागा आणि सर्च कन्सोलची मालकी स्वतःकडेच ठेवा.

मावशीची साईट आजही 'कोकण होमस्टे' शोधल्यावर पहिल्या पानावर येत नाही. पण फेरीबोटीचं पान वाचून या मे महिन्यात थेट फोन आले, अधूनमधून का होईना. त्या बुकिंगमागे कमिशन कापलं गेलं नाही. पंधरा हजार काही परत आले नाहीत. मावशी मात्र आता कोणीही नवा प्रश्न विचारला की वहीत लिहून ठेवते आणि मला फोटो पाठवते, "यावर पान कर."

तुमची साईट असेल तर आजच तिची लिंक घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, वायफाय बंद करून उघडून बघा. कामाची सुरुवात तिथूनच करा. आणि ओळखीत कोणी गॅरंटीवाल्या एजन्सीला पैसे द्यायच्या तयारीत असेल तर त्याआधी त्याला हा लेख नक्की पाठवा.