सटवीनं लिहिलं, वहीत नाही

आजीला विचारलं, तुला पोरं किती झाली? म्हणाली, "झाली सात, राह्यली तीन." बस, एवढंच. गेलेल्या चौघांना नाव नाही, तारीख नाही. "सटवीनं तसंच लिवलं व्हतं." पोलादपूरच्या वर, घाटाच्या अंगाला आमची वाडी. मी तिथनं उतरून गिरणीत आलो. रात्रपाळीला चात्या मोजतो. म्हणून मोजणीवर लिहितोय.

सटवी पाचव्या रात्री येते नि बाळाच्या कपाळावर लिहून जाते, असं आपल्याकडं म्हणतात. आजीची दोन पोरं त्याच आठवड्यात गेली. दूध ओढेनात, जबडा बसला, अंग धनुष्यासारखं ताठलं. हा धनुर्वात. नाळ विळ्यानं कापलेली, आईला लस नाही. सटवीचा काय दोष? गरोदरपणात लस, नाळेला स्वच्छ पातं, एवढ्यानं हा रोग हटतो. देशातून तो जवळजवळ हटल्याचं 2015 साली जाहीर झालं. सटवीचं अक्षर सुईनं पुसलं.

सरकारी हिशेब असा. जिवंत जन्मलेल्या 1000 मुलांमागे वर्षाच्या आत किती गेली, तो अर्भक मृत्युदर. आणि जिवंत जन्मलेल्या एक लाख मुलांमागे, गरोदरपणात किंवा ते संपल्यावर 42 दिवसांत, त्याच कारणानं किती बाया मेल्या, ते माता मृत्यूचं प्रमाण. म्हणजे अपूर्णांकच. वर मेलेले, खाली जन्मलेले. खालचा आकडा चुकला की वरचं मढंही खोटं बोलतं.

मुंबईत 1921 साली नोंदलेल्या 1000 जन्मांमागे साडेसहाशेवर अर्भकं मेली. आकडा खरा होता, पण अर्धा. गिरणीतल्या बाया बाळंतपणाला कोकणात गावी जायच्या, तान्हं घेऊन परत यायच्या. जन्म मुंबईच्या वहीत नाही, मरण मात्र तिथंच. म्हणून दर फुगला. पण फुगला म्हणजे पोरं मेली नाहीत असं नाही. एका खोलीत बिऱ्हाडं कोंबलेली. पाळीला जाताना पोर निजावं म्हणून आई अफूची गोळी चाटवायची. माझी पणजीही चाटवायची. दुसरं काय करणार? रजा मागितली तर काम जायचं.

हे दुःख बाबासाहेबांच्या घरातलंही. रमाईंची गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार लेकरं गेली. राजरत्न 1926 च्या जुलैत गेला. आठ महिन्यांनी, 20 मार्च 1927 ला, बाबासाहेब आमच्या महाडात चवदार तळ्यावर पाणी प्यायले. बाळंतिणीच्या घरात पहिलं लागतं ते पाणी, आणि त्याच पाण्याला आमचा हात चालत नव्हता! पुढं 28 जुलै 1928 ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात ते बाळंतपणाच्या रजेच्या बिलावर बोलले. बाईला विश्रांती मिळण्यात देशाचंच हित आहे, आणि तिच्या कामावर नफा कमावणाऱ्या मालकानंही भार उचलावा, असं त्यांचं म्हणणं. 1929 साली कायदा झाला. पगारी रजा मिळाली तर पोर वाचतं, हे तेव्हा कळलं होतं.

2018-20 चा हिशेब सांगतो, महाराष्ट्रात लाखामागे 33 माता. देशात 97. आकडा उतरला, चांगलंच झालं. पण हा सबंध राज्याचा आकडा. त्यात आमची वाडी दिसत नाही. बाळंतीण रक्तस्रावानं दोन तासांत जाऊ शकते. घरचे ठरवेपर्यंत उशीर, रस्त्याला उशीर, दवाखान्यात उशीर. 2021 च्या जुलैत तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडीवर दरडी आल्या, वाटा बुजल्या. अशा रात्री जिला कळा सुरू होतील, तिनं कुठं जायचं?

दोस्तहो, आपापल्या आजीला विचारा. किती झाली, किती राह्यली, कशानं गेली. लिहून ठेवा. मी कवितेच्या वहीत मागल्या पानावर लिहिलंय: आजीची चार. दोन धनुर्वात, एक जुलाब. चौथं कशानं गेलं, तिला आठवत नाही. तिथं जागा मोकळी ठेवलीय.